काविळीची माळ

१९ नोव्हेंबर २०१८, सोमवार

खडे निघाले! एक-दोन नाही, पिशवी भरलीय. सोनोग्राफीवाला म्हणाला, मोजण्यात अर्थ नाही, काही हरभऱ्याएवढे, काही त्याहून बारीक.

आणि मी सगळा पावसाळा सरूबाईंना फोनवरून डॉक्टरकी शिकवत होते! 'बाई, सोडा घ्या. बाई, तिखट कमी करा. बाई, उपाशी राहू नका, पित्त होतं.' माझी थोरली जाऊ, आप्पासाहेबांची बायको. करमाडच्या पुढं आमचं गाव, तिथंच राहतात दोघं. मरणाची कामाची बाई. कधी डोकं दुखलं म्हणून टेकलेली मी पाहिली नाही. ती बाई म्हणते, 'आशा, जेवलं की बरगडीखाली कळ निघती गं, उजव्या खांद्यामागं जाती' — तेव्हाच कळायला पाहिजे होतं. शेवटी हेच ओरडले माझ्यावर, म्हणून इथं शहरात, पुंडलिकनगरला आमच्याकडं बोलावून घेतलं.

डॉक्टरीणबाई चांगल्या वाटल्या. कागदावर पित्ताची पिशवी काढून दाखवली. म्हणाल्या, खडे पुष्कळांना असतात, त्रास नसेल तर आम्ही हातही लावत नाही. पण सारखी कळ यायला लागली की पिशवीच काढायची. नुसते खडे काढले तर पुन्हा होतात. नाही काढली तर पिशवीला सूज येते, पू होतो. खडा घसरून नळीत अडकला तर कावीळ. अजून खाली गेला तर स्वादुपिंड सुजतं, ते फार वाईट. कुणाच्या पिशवीत गाठ असते, तेव्हाही काढतात.

सरूबाई म्हणाल्या, 'पिशवी काढल्यावर मानूस जगतंय का पन?'

'आजी, पित्त तयार होतं यकृतात. ही नुसती साठवायची जागा. तिच्यावाचून काही अडत नाही.' मग माझ्याकडं वळून — 'डोळे पिवळे दिसले, थंडी वाजून ताप आला, तर एक दिवस थांबायचं नाही. सरळ घेऊन यायचं.' मी मान हलवली. फार शहाण्यासारखी.

ऑपरेशन महिन्याभरात करून टाका म्हणाल्या. महिन्याभरात! वैजूला डिसेंबरचा पहिला आठवडा सांगितलाय. पहिलं बाळंतपण, माहेरी आलीय पोर. माझ्या कंबरेनं मला पाटावर बसून बाळ न्हाऊ घालणं होणार नाही. आणि माझ्या लेकीचं कुणी करायचं हा प्रश्नच नव्हता आमच्या घरात. वैजू झाली तेव्हा तिला पहिल्यांदा पायावर घेतली ती सरूबाईंनीच. त्यांना लेकरू नाही. वैजू त्यांचीच अर्धी.

रिक्षात मीच म्हणाले, 'आधी वैजूचं मोकळं होऊ द्या बाई, मग निवांत करू.'

'व्हय गं. मी तेच म्हननार व्हते.'

लगेच म्हणाल्या. जरा जास्तच लगेच.

२१ नोव्हेंबर

फहमिदा आली होती रोशन गेटहून. शिवणाच्या क्लासपासूनची मैत्रीण, तिला लपवून काही राहत नाही. सरूबाईंचं ऐकलं आणि तिनं कपाळाला हात लावला. 'कायकू रुके तुम लोगां? मेरा भी येइच था. एक रात में इत्ता सूज गया था अंदर, जान जाती क्या ऐसा लगा. निकाल दिये डाक्टर. चार दिन में मैं रोट्यां बेल रही थी.'

म्हणाले, बाळंतपण कोण करणार?

'मैं करतूं ना. मेरे तीन नवासे मैंइच नहलाई. तू इनकू लेके जा.'

मी हसून विषय बदलला. तिला चहा दिला, भजी दिली. खरं कारण तिला सांगता आलं नाही. पाहुणेरावळे येणार, वैजूच्या सासूबाई येणार. आपल्या घरचं बाळंतपण बाहेरच्या बाईनं करायचं? फहमिदानं? लोक काय म्हणतील!

तिला कळलं असेल. भजी तशीच ठेवून गेली.

२८ नोव्हेंबर

नळाला आज पाणी आलं एकदाचं. टाकी, पिंप, घागरी, पातेली सगळं भरून घेतलं. दुपारभर डिंक तळला. सरूबाईंचा हात असा की डिंक लाहीसारखा फुलतो. खारीक, खोबरं, गोडंबी, साजूक तूप. घरभर वास. लाडू बांधताना चव बघून म्हणाल्या, 'थोडं तूप अजून लागंल.' मी म्हणाले, तुम्ही नका चाखू हो, वैजू चाखेल. 'बाळंतिनीचं चाखल्याबिगर देत्यात व्हय?'

६ डिसेंबर, गुरुवार

मुलगी! सकाळी. वैजू सुखरूप. सरूबाई दवाखान्याच्या दारातच रडायला लागल्या. मग बाळाच्या नाकाकडं बघून म्हणाल्या, 'आप्पासायबांचं नाक आलंय, वाटूळं झालं!' नर्ससुद्धा हसली.

१४ डिसेंबर

वैजूची नाटकं. लाडू अर्धा खाते, अर्धा ताटाखाली सरकवते. म्हणते जड होतं, छातीत भरल्यासारखं होतं. आजकालच्या पोरी! बाळंतिणीनं खायचं नाही तर कुणी? बारीक राहायचंय हिला, फोटो काढायचेत. चांगली झापली. तेव्हापासून गुपचूप खाते.

तिचं उरलेलं सरूबाई तोंडात टाकतात. अन्न टाकवत नाही त्यांच्यानं.

संध्याकाळी न्हाणीघरात किती वेळ नळ सोडलेला. टाकीचं पाणी! अजून तीन दिवस तेवढ्यावर काढायचे. दार वाजवून ओरडले, 'बाई, पाणी फुकट आलंय का?' नळ बंद झाला. मग आतून ओकण्याचा आवाज आला. तो ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडला होता त्यांनी.

बाहेर आल्या त्या भिंत धरून. म्हणाल्या, 'काय नाय, वाईच मळमळलं.'

मी 'ऑपरेशनची तारीख घेऊन टाकू' म्हणाले. त्या म्हणाल्या, बारसं होऊ दे. मीही म्हणाले, बरं. मला तेच हवं होतं.

२३ डिसेंबर, रविवार

बारसं झालं. नाव रेवा. पन्नास माणूस. बासुंदी, पुरी, मसालेभात, वांग्याची भाजी, सगळं सरूबाईंच्या देखरेखीखाली. आचारी लावला तरी त्या ओट्यापासून हटल्या नाहीत.

आता लिहिते ते लिहायची लाज वाटते. दुपारी पंगत बसलेली असताना त्या पोट धरून कोठीच्या खोलीत खाली बसल्या. वैजूच्या सासूबाई बघत होत्या. मी आत जाऊन म्हणाले, 'बाई, आजच्या दिवशी तरी नको हो हे!' असंच म्हणाले. हे. जसं काही त्या मुद्दाम करत होत्या. उठल्या. पदर खोचला. पुऱ्या लाटायला बसल्या.

फहमिदा बाळाला टोपडं घेऊन आली होती. तिनंच पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, 'आशा, इनके आँखां पीले दिखरे. अब्बी के अब्बी लेके जा.' मी उजेडात नेऊन बघितलं. पिवळे! हळद लावल्यासारखे.

आणि तिथं आप्पासाहेब होते.

हे इथं लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगून समजणार नाही. आमच्या सासरी काविळीची माळ देतात. सासऱ्यांच्या आधीपासून. दर रविवारी गावी आमच्या ओसरीवर माणसं येतात, पार लासूर स्टेशनपासून, हिंदू, मुसलमान, सगळी. पैसा घेत नाहीत, नारळसुद्धा नाही. झाडपाल्याच्या मुळीचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवायचे, ती माळ डोक्यावर ठेवायची. दिवसादिवसानं माळ लांबते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. माळ उतरली की कावीळ उतरली. आप्पासाहेबांना अख्खा तालुका ओळखतो तो त्या माळेसाठी.

त्यांनी बायकोचे डोळे पाहिले. म्हणाले, 'कावीळ हाय. चल घरी. आपल्या घरात आवशीद असताना हिकडं कशाला?' पन्नास माणसांत म्हणाले. कुणीतरी म्हणालंही, वा, घरचाच वैद्य!

डॉक्टरीणबाईंचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. डोळे पिवळे झाले तर एक दिवस थांबायचं नाही. सरूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी बोलावं म्हणून बघत होत्या, ते मला तेव्हाच कळलं होतं. पण थोरल्या दिरापुढं, पंगतीत, व्याह्यांसमोर, मी कशी बोलणार की तुमच्या माळेनं हे जाणार नाही? मी म्हणाले, 'पथ्य नीट पाळा बाई.'

जीपमध्ये मागं बसून गेल्या. बाळाचा लंगोट त्यांच्या खांद्यावरच राहिला होता.

३० डिसेंबर, रविवार

फोन आला. माळ गळ्यात आली! कळ गेली! आप्पासाहेबांचा आवाज मोठा झालेला. 'सांगितलं व्हतं ना?' ह्यांनी आनंदानं जिलेबी आणली.

मी नाही खाल्ली. का, ते मला माहीत आहे. माळेचं पथ्य म्हणजे तेल बंद, तूप बंद, उकडलेलं खायचं, फुटाणे आणि उसाचा रस. तूप-तेल बंद झालं की पिशवीची कळ थांबणारच, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. आणि माळ का लांबते? लग्न होऊन गेले तेव्हा पहिल्याच शनिवारी सरूबाईंनी मला चुलीपाशी बसवून ओवायला शिकवली होती. मी भाबडेपणानं विचारलं, बाई, ही लांबते कशी? हसल्या होत्या. 'अगं, मुळी वाळती. गाठी ढिल्या पडत्यात. दुसरं काय? चार दिसांत माणसाची कावीळ आपली आपन जाती, नाव माळेचं व्हतं. त्यास्नी नको सांगू.' त्यास्नी म्हणजे आप्पासाहेबांना. ते देतात, पण ओवतात सरूबाई. कायमच त्याच ओवत आल्यात.

म्हणजे त्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. आणि दोघी गप्प.

१ जानेवारी

वैजू पहाटे उठून बसलेली दिसली. पाठ चोळत होती. बाळ पाजून पाजून पाठ धरणारच. शेकायला दिलं.

६ जानेवारी २०१९, रविवार

गावी जाऊन आले. राहवलंच नाही.

ओसरीवर माणसं बसलेली. सांडू नावाचा एक म्हातारा नातवाला घेऊन आला होता, मला हात जोडून म्हणाला, 'तुमच्या घरची माळ म्हंजी देवाची माळ.' मी आत पळाले.

सरूबाई माजघरात दोरा-मुळी घेऊन बसल्या होत्या. ओवत होत्या! स्वतः हळदीसारख्या पिवळ्या, दंड खाजवून खाजवून रक्ताळलेले, गळ्यातली माळ छातीपर्यंत उतरलेली, आणि लोकांच्या माळा ओवत होत्या. म्हणाले, ही तुमच्या गळ्यातली कुणी ओवली? म्हणाल्या, 'मीच. दुसरं हाय कोन?'

मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

म्हणाल्या, काल हुडहुडी भरली होती. गोधड्या घातल्या तरी थांबेना. मग ताप. मग घाम.

थंडी वाजून ताप! मी म्हणाले, बाई, उठा. आत्ता चला. गाडी बाहेर आहे.

'आज नको गं. ऐतवार हाय. भायेर एवढी मान्सं बसलीत. माळ देनाराची बायकू दवाखान्यात निघाली तर त्यांनी तोंड कुठं दाखवायचं? त्यांचं काय ऱ्हातंय मग?' माझा हात दाबला. हात तापलेला होता. 'उद्या येते. सोमवारी. बिनबोभाट.'

मी हो म्हणाले. का? उचलून न्यायचं होतं मी! आरडाओरडा करायचा होता. आयुष्यभर नळावर, पोरीवर, कामवालीवर ओरडत आले, आणि जिथं ओरडायचं तिथं माझ्या तोंडाला कुलूप.

७ जानेवारी

सकाळीच आप्पासाहेबांचा फोन. बरळतेय, ओळखत नाही, काय करू? हे गाडी घेऊन गेले. जालना रोडनं आणलं.

नळीत खडा अडकलाय. मागं सगळा पू. विष रक्तात गेलंय म्हणाल्या डॉक्टरीणबाई. तोंडातून दुर्बीण घालून खडा काढणार, पिशवी नंतर, तेवढी ताकद आली तर. नर्सनं कात्रीनं माळ कापली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. आप्पासाहेब तिथंच उभे होते.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. 'मी सांगितलं होतं ना तुम्हाला? नोव्हेंबरात?'

व्हय बाई. सांगितलं होतं.

१० जानेवारी

खडा निघाला. ताप उतरत नाही. लघवी कमी झालीय. आत एकेकालाच सोडतात.

माझी पाळी आली तेव्हा डोळे उघडले. ओठ हलले. कान जवळ नेला. 'रेवीला... तेल... आधी टाळूवर.' मग थोड्या वेळानं, 'तू कर आता.'

मी म्हणाले, मी नाही करणार, तुम्ही उठून करा. त्यांना ऐकू गेलं का माहीत नाही.

फहमिदा बाहेर बाकावर तसबीहचे मणी ओढत बसली होती. तिच्या तोंडाकडं बघवेना. 'मैं बोली थी' असंही म्हणाली नाही. घरी गेले तर कळलं, दवाखान्यात येण्याआधीच तिनं बाळाला न्हाऊ घातलेलं होतं, स्वयंपाक झाकून ठेवलेला. कुणी काही म्हटलं नाही. लोक! कुठंयत ते लोक?

१३ जानेवारी

सरूबाई गेल्या.

१४ जानेवारी

आज भोगी. त्या असत्या तर मिसळीची भाजी, बाजरीची भाकरी, तीळ लावून. भावकीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही.

२१ जानेवारी

गावीच आहे. काल रविवार होता. सुतकातही माणसं आली! त्यांना काय माहीत. ओसरीवर येऊन बसली. आप्पासाहेब बाहेर गेले, हात जोडून उभे राहिले. शेवटी ह्यांनी सांगितलं, घरात माती झालीय. माणसं उठली. एक बाई म्हणाली, मग पुढल्या ऐतवारी येऊ का? आप्पासाहेब आत निघून गेले.

नंतर मला विचारलं. मान वर न करता. 'आशाबाई, तिला ठाऊक व्हतं का? ह्या माळेचं?'

खोटं बोलता आलं असतं. म्हणाले, 'व्हय. पहिल्यापासून.'

'मग मला का म्हनली नाय कधी?'

काय सांगणार? तुमचं नाव राहावं म्हणून. आणि मी का बोलले नाही? माझी लेक बाळंत व्हायची होती म्हणून, पंगत उठायची होती म्हणून, माझं घर नीट चालावं म्हणून. एक ना एक कारण होतंच, आणि प्रत्येक कारण असं, की कुणी नाव ठेवू नये. मी त्यांच्याकडून काम करून घेतलं. शेवटच्या ताकदीपर्यंत करून घेतलं. लाडू अजून डब्यात आहेत. त्यांच्या बोटांचे ठसे आहेत त्यांवर. ते खाववत नाहीत आणि टाकवत नाहीत.

मेलेलं माणूस माफ करतं का, देव जाणे. सरूबाई करतील. त्याचाच त्रास जास्त होतो.

२५ जानेवारी

तेरावं झालं. पानावर बासुंदी होती, त्यांना आवडायची म्हणून. मी घास घेतला आणि उठले.

आप्पासाहेबांना सोबत घेऊन आलो पुंडलिकनगरला. एकटे कसे ठेवायचे.

२७ जानेवारी, रविवार

दवाखान्याच्या बाकावर लिहितेय. रेवा मांडीवर.

सकाळी वैजू ओट्याशी वाकून उभी. एक हात बरगडीखाली. विचारलं तर म्हणाली काही नाही. पुन्हा विचारलं. 'आई, इथं कळ येते. पाठीत जाते. लाडू खाल्ला की. बाळ झाल्यापासून.'

मग बोलली का नाहीस गं?

'तू ओरडली असतीस.'

आणि तरीसुद्धा — मेली सवय! — तोंडातून निघालंच, 'आज रविवार, उद्या सकाळी...'

आप्पासाहेब दारात चहा पीत होते. कप खाली ठेवला. चपला घातल्या.

'आत्ता,' म्हणाले. 'ऊठ वैजू.'